बसऱ्याचं मसगूफ : आधी पाठीवरचा पर बघा, मग ऑर्डर द्या

मसगूफ म्हणजे आगीच्या धगीवर भाजलेला मासा. पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा माशाचा नाही, वेटरच्या खोटेपणाचा आहे.

आधी माझी ओळख सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण माशांवर बोलणारा. मी भिगवणकडचा. घर भोयांचं. उजनीचं पाणी वर आलं तेव्हा आजोबांनी भीमेच्या पात्रातली जाळी धरणाच्या फुगवट्यात नेली, आणि तेव्हापासून घरात रोज मासा. रोहू, कटला, मरळ, वांब, चिलापी हे ओळखायला मला पाटी लागत नाही. आता गेली चार वर्षं मी इराकमध्ये बसऱ्याबाहेर पाइपलाइनच्या कामावर वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे. 28 दिवस काम, 28 दिवस घरी. कॅम्पच्या मेसमध्ये आठवड्यातून दोनदा मासा असतो. तो कुठला आणि कधीचा हे विचारायचं नसतं.

बसरा म्हटलं की आमच्या आजीला नथीतले मोती आठवतात. मी इकडं निघालो तेव्हा म्हणाली, "येताना बसऱ्याचे दोन मोती आण." जळगावचा एक पोरगा आमच्याबरोबर होता, त्याला बसरा म्हणजे फक्त बसराई केळी. इथं येऊन बघतो तर मोती नाहीत, केळीची बाग नाही. खजुरीची झाडं, तेलाच्या ज्योती, आणि शत्त अल-अरब. कुर्ना गावापाशी तिग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र येतात, तिथनं खाली या नदीला हे नाव. पात्र म्हणाल तर चांगलं रुंद. पण भरतीला समुद्राचं पाणी वर चढतं, आणि वरनं येणारं गोडं पाणी कमी झालं की नदी खारट होते. 2018 च्या उन्हाळ्यात पाणी इतकं बिघडलं की शहरात लाखाहून जास्त माणसं दवाखान्यात गेली. ती गोष्ट इथला प्रत्येक जण अजून सांगतो.

हॉटेल शहरातनं कुर्नाकडं जाणाऱ्या रस्त्याला, नदीच्या अंगाला आहे. नाव विचारू नका, बोर्डावर नुसतं 'समक मसगूफ' लिहिलंय, आणि त्या रस्त्यावरच्या निम्म्या बोर्डांवर तेच लिहिलेलं असतं. समक म्हणजे मासा. खूण सांगतो : निळा पत्रा, बाहेर सिमेंटचा गोल हौद, आणि हौदाभोवती पाच-सहा मांजरं. मांजरं तब्येतीनं चांगली असतील तिथं मासा ताजा, हा आमच्या आजोबांचा नियम बसऱ्यातही लागू पडतो.

मसगूफ म्हणजे इराकचा मानाचा पदार्थ. बगदादला तिग्रिसच्या काठी अबू नुवास नावाचा रस्ता याच्यासाठी प्रसिद्ध आहे. करतात कसं ते बघायला मी दर वेळी हौदापासनं चुलीपर्यंत मागं मागं जातो. हौदातला जिवंत मासा तुम्ही दाखवायचा. माणूस जाळीनं काढतो, डोक्यात लाकडी मोगरीचा एक ठोका, तराजू, आणि मग सुरी. इथंच पहिला फरक. आमच्याकडं मासा पोटातनं चिरतात. हे पाठीतनं चिरतात, डोक्यापासनं शेपटीपर्यंत, आणि पोटाची कातडी तशीच ठेवून मासा उघडतात. परातीएवढा गोल चपटा आकार होतो. आतडी, कल्ले काढून धुतात, जाडं मीठ चोळतात, वरनं चिंच आणि हळदीचं पाणी ब्रशनं लावतात. बस्स. लसूण नाही, मिरची नाही.

मग तो गोल मासा उभा करतात. मध्ये वाळूचा ओटा, त्यावर लाकडं पेटलेली, आणि ओट्याभोवती खुंट्या. मासा खुंट्यांना अडकवून मांसाची बाजू आगीकडं, कातडी आपल्याकडं. सात-आठ मासे आगीकडं तोंड करून असे गोलात उभे असतात, आणि जाळ कुणालाच शिवत नाही. नुसती धग. लाकूड फळझाडांचं, धूर कमी. वारा नदीवरनं फिरला की पोरगा लाकडं दुसऱ्या अंगाला सरकवतो. तासभर हे चालतं. चरबी वितळून खाली थेंब थेंब पडते, मांस वरनं तांबूस होतं. शेवटी मासा काढून कातडीच्या बाजूनं थेट इंगळावर ठेवतात, चार-पाच मिनिटं. त्यानं खाली कातडी कडक होते आणि वरचं मांस ओलं राहतं. आमच्याकडं चुलीत मासा भाजतात तो पानात गुंडाळून किंवा इंगळात पुरून. हा प्रकार म्हणजे माशाला शेकोटीला बसवल्यासारखा.

आता तक्रार.

पहिल्यांदा आम्ही तिघं गेलो. मी, एक मल्याळी सेफ्टी ऑफिसर आणि एक रत्नागिरीकर फिटर. रत्नागिरीकराचं आधीपासनं चालू होतं, "गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखल. तुम्ही घाटावरचे लोक मासा खाता की गाळ?" त्याला दाखवायचंच होतं. कॅम्पातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं, खायचा तर शब्बूत खा, म्हणजे इथल्या नदीचा मूळचा मासा. वेटरनं आम्हाला हौदाकडं जाऊच दिलं नाही. आगीपाशी आधीच उभ्या असलेल्या एका माशाकडं बोट करून म्हणाला, "शब्बूत. शब्बूत. फर्स्ट क्लास." भूक लागलेली, बसलो.

पहिल्या घासालाच कळलं. मऊ, फुसकं, पिवळी चरबी, आणि मागनं तळ्याचा वास. आमच्या जाळ्यात असा मासा कितीदा तरी आलाय. सायप्रिनस! कटला-रोहूबरोबर तळ्यात सोडतात तो कार्प. घरी त्याला कोण हात लावत नाही, बाजारात स्वस्त म्हणून जातो. मी माशाची एक कड उचलून बघितली, तर पाठीवरचा लांबलचक पर जळून चिकटलेला. वेटरला बोलावलं, दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "कुल्ला समक." म्हणजे सगळा मासाच की. आणि बिल शब्बूतच्या भावानं. रत्नागिरीकर त्यानंतर दोन महिने माझ्याशी माशाबद्दल बोलला नाही, फक्त मला बघितलं की नाक मुरडायचा.

साईटवर आमचा फोरमन बसऱ्याचाच. आम्ही त्याला उस्ताद म्हणतो, त्याच्या वयाला आणि शिव्यांना मान म्हणून. त्याला हे सांगितलं तर तो वेटरवर नाही, माझ्यावरच चिडला. "तू मासेमाराचा मुलगा ना? मग ताटात आल्यावर काय बघतोस? हौदात बघ!" आणि वेल्डिंगच्या खडूनं पाइपवर दोन मासे काढून दाखवले. ते चित्र आता मी तुम्हाला शब्दांत देतो, कारण या परीक्षणात उपयोगाचं काही असेल तर ते हेच.

कार्प बुटका, पाठीला उंचवटा. त्याचा पाठीवरचा पर मधनं सुरू होतो आणि जवळजवळ शेपटीपर्यंत झालरीसारखा जातो. त्या पराचा पहिला काटा मागनं करवतीसारखा दातेरी. शब्बूत लांबसडक, गोलसर अंगाचा. त्याचा पर आखूड, त्रिकोणी, शिडासारखा उभा, आणि काटा टणक पण गुळगुळीत. खवले मोठे, रुपेरी, उन्हात सोनेरी झाक मारणारे. तोंड खालच्या बाजूला, ओठ जाड. मिशांवर जाऊ नका, मिशांच्या दोन जोड्या दोघांनाही असतात आणि वेटर तुम्हाला मिशाच दाखवतो.

दुसऱ्या खेपेला उस्ताद बरोबर होता. जानेवारीतला शुक्रवार, थंडी आमच्या माघासारखी. मी सरळ हौदापाशी गेलो. एका बाजूला कार्पची गर्दी, दुसऱ्या बाजूला जाळीच्या आड चारच मासे. बघितल्या बघितल्या माझ्या तोंडातनं निघालं, "हा तर महाशीर!" महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून लोक खायला घालतात, धरत नाहीत, तेच अंग, तेच मोठे खवले, तेच जाड ओठ. रात्री कॅम्पवर मोबाइलवर शोधलं तर अंदाज फार चुकला नव्हता. शास्त्रज्ञ दोघांना कार्पच्या मोठ्या कुळातल्या एकाच शाखेत घालतात. पूर्वी असले सगळे मासे 'बार्बस' या एकाच गाठोड्यात बांधलेले असायचे. शब्बूतला हेकेल नावाच्या शास्त्रज्ञानं 1843 मध्ये नाव दिलं, पण त्याची स्वतंत्र प्रजाती-मंडळी म्हणजे 'अरेबिबार्बस' ही वेगळी निघाली ती थेट 2014 मध्ये. त्यात भाऊबंद मिळून तीनच. शब्बूत तिग्रिस-युफ्रेटिसचा आणि शेजारच्या इराणातल्या कारूनसारख्या नद्यांचा, तिकडं त्याला शिरबोत म्हणतात. बाकीचे दोघं अरबस्तानात, त्यातला एक येमेनच्या हद्रमौतमधला. तिकडच्या वाद्या म्हणजे आमच्या माणदेशातल्या ओढ्यांचे थोरले भाऊ, पूर आला की घोड्यासारख्या धावतात आणि एरवी डोहाडोहात पाणी धरून बसतात. असल्या पाण्यात एवढा मासा जगतो याचं मला खरंच कौतुक वाटलं. आमच्याकडं ओढा आटला की डोहात खेकडं आणि झिंगे राहतात.

निवडला तो 2 किलो 400 ग्रॅम भरला. भाव जिवंत वजनावर : कार्प 12 हजार दिनार किलो, शब्बूत 30 हजार. म्हणजे 72 हजार दिनार, आपले साडेचार हजार रुपयांच्या आसपास. भाकरी, सॅलड, लोणचं, चहा सगळं त्यातच. चौघांत वाटलं तर महाग नाही, एकट्याला परवडणारं नाही.

खायला पुढं आला तेव्हा ताट नव्हतं, मोठा स्टीलचा ट्रे होता. चमचे कुणी मागितले नाहीत. तन्नूरमधली गरम रोटी, तिला खुब्ज म्हणतात, तिच्या तुकड्यात मांस धरून खायचं. पाठीकडचं मांस पांढरं, घट्ट, पाकळी पाकळी सुटणारं. पोटाकडं चरबीची पट्टी, तिला धुराचा वास लागलेला. चिखलाचा वास शोधूनही सापडला नाही. काटे आहेत, कार्पच्या कुळात इंग्रजी Y सारखे फाटे फुटलेले बारीक काटे असणारच, पण एवढ्या माशात ते मोठे होतात आणि बोटाला लागतात. किलोभराचा मासा घेऊ नका, त्यात काट्यांचंच राज्य. शेपटीकडचा भाग मी घेतला, कारण रत्नागिरीकराच्या घशात काटा अडकला असता तर पुन्हा कधी आला नसता. हो, तोही आला होता, उस्तादच्या धाकानं. त्यानं पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग गालाचं मांस कुठं असतं ते विचारलं. मी त्याला काही बोललो नाही. तिसऱ्या रोटीला स्वतःच म्हणाला, "हलव्याच्या जवळ जातंय." घाटावरच्या माणसाला याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोकणातनं मिळत नाही.

डोकं उस्तादनं स्वतःकडं ओढलं. ते का, हे त्यानं एका जुन्या गोष्टीवरनं सांगितलं. याच मुलखात लिहिल्या गेलेल्या ज्यूंच्या तालमूदमध्ये शिबूता नावाच्या माशाचा उल्लेख आहे. देवानं जे जे खायला बंदी केली त्याच्या चवीचं काहीतरी चालणारंही दिलं, आणि डुकराच्या बदल्यात या माशाचा मेंदू. शिबूता म्हणजेच शब्बूत, असं मानतात. बसऱ्याचा शिया फोरमन हे सांगत मेंदू चोखत होता आणि म्हणत होता, "डुक्कर मी खाल्लं नाही, त्यामुळं मला तुलना करता येत नाही." शिया लोक बिनखवल्याचा मासा खात नाहीत. आमच्या घरी वांब आणि शिंगाडा आवडीनं खातात हे ऐकून त्यानं तोंड वाकडं केलं.

आता त्या लोणच्याबद्दल. बाकी काही विसरलात तरी चालेल.

पोऱ्यानं वाटी ठेवली आणि विचारलं, "अंबा?" मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी झालं. वाटीत पिवळं, पातळ, हळद आणि मेथीचा वास. चाटून बघितलं, कैरी! इराकभर मसगूफबरोबर, अंड्याबरोबर, पावाबरोबर खातात आणि नाव काय, तर आपलाच आंबा. मुंबईत व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंनी हे तिकडं नेलं असं सांगतात, आणि ससून घराण्याचं नाव त्यात घेतात. डेव्हिड ससून 1832 मध्ये बगदादच्या मुलखातनं मुंबईला आले. पुण्याचं ससून हॉस्पिटल त्यांच्याच देणगीतलं. कुलाब्याचा ससून डॉक त्यांच्या मुलानं 1875 मध्ये बांधला, जिथनं अर्ध्या मुंबईची मासळी उतरते. म्हणजे बगदादच्या घराण्यानं आम्हाला माशाचा धक्का दिला आणि आम्ही त्यांच्या माशाला लोणचं दिलं. चवीला आपल्या लोणच्यापेक्षा वेगळं : तेलाचा तवंग नाही, शिर्क्याचा आंबटपणा जास्त, तिखट जवळजवळ नाहीच. भाजलेल्या चरबीवर मात्र ते असं बसतं की मी तीन वाट्या संपवल्या. पोऱ्या म्हणाला, "हिंदी?" म्हणजे हिंदुस्थानातला का. मी म्हटलं, "हिंदी. आणि हा शब्द माझ्या गावचा आहे." त्याला पटलं नाही.

तिखट खाऊन तोंड पोळलं नव्हतं तरी सवयीनं मी शिनीना मागितली, म्हणजे त्यांचं ताक. पोऱ्यानं मान हलवली. मासा आणि ताक एकत्र? अंगावर पांढरे डाग येतील! अगदी आमच्या आजीचं वाक्य, फक्त अरबीत. ताक दिलंच नाही. चहा दिला, इस्तिकान नावाच्या कमरेत बारीक काचेच्या पेल्यात, वेलदोडा घातलेला, साखर तळाला न विरघळलेली.

हौदात चारच शब्बूत का, हे मी उस्तादला विचारलं. त्याच्या लहानपणी बाप माणसाएवढे शब्बूत खांद्यावर आणायचा म्हणे. मासेमारांच्या बापांच्या आठवणीत मासे मोठेच असतात, आमच्याकडंही असतात, पण बाकीचं तो म्हणाला ते खरं आहे. वर तुर्कस्तानात धरणं झाली, पाणी घटलं. 1990 च्या दशकात सद्दामनं दक्षिणेतल्या दलदली आटवल्या, 2003 नंतर लोकांनी बांध फोडून पाणी परत आणलं, ते सगळीकडं आलं नाही. आज शब्बूत धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. त्यामुळंच हौदात कार्प असतो. तो इथला नव्हेच, बाहेरनं आणून पाळलेला, पिंजऱ्यात आणि तळ्यात वाढतो. 2018 च्या शेवटी युफ्रेटिसवरच्या पिंजऱ्यांत कार्पची हजारो टन मढी तरंगली. कोई हर्पिस नावाचा विषाणू निघाला, तो कार्पलाच धरतो. तेव्हा महिनाभर मसगूफवाल्यांकडं कुणी फिरकलं नाही, उस्ताद सांगतो.

मी स्वतःपुरतं ठरवलंय, थंडीत एकदा, तेही पोट फुगलेली मादी हौदात असेल तर ती नाही. वसंतात ती अंडी घालते. पोऱ्याला हे सांगितलं तर तो मला येडा समजला, आणि तीच मादी पुढच्या टेबलाला गेली.

शब्बूत नसेल तर काय? बन्नी मागा, दलदलीतला, चवीला जवळचा. तोही नसेल तर मसगूफ सोडा आणि झुबैदी घ्या. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट, बसऱ्याच्या खाडीतलं, आणि त्याच्या नावानं कुणी तुम्हाला दुसरं काही विकू शकत नाही.

बारीकसारीक : कार्ड चालत नाही, रोख दिनार न्या. बसायला गालिचे घातलेले ओटे चांगले, आतली एसीची खोली नको, तिथं धुराचा वास कोंडतो. माशा फार आहेत. हात धुवायची जागा स्वच्छ, संडासाबद्दल काही लिहीत नाही. कपड्यांचा वास दोन धुण्यात जातो. मासा सांगितल्यापासनं समोर यायला सव्वा तास धरा, घाई करून आगीच्या जवळ सरकवायला सांगू नका, बाहेरनं करपतो आणि पाठीपाशी कच्चा राहतो.

आणि शुक्रवारी नमाजाआधी पोचा. दोननंतर जाळीच्या आडचा हौद रिकामा होतो. वेटर मात्र तेव्हाही आगीकडं बोट करून "शब्बूत" म्हणतोच.